दोन जिवांची नाडी : हृदयतालाचे विकार, गरोदरपण आणि जुन्नर परिसर – एक ऐतिहासिक आढावा

सारांश

हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडलेल्या स्त्रीचे गरोदरपण हा वैद्यकशास्त्रापुढील एक जुना आणि गुंतागुंतीचा प्रश्न आहे. या प्रश्नाचे ज्ञान कसे विकसित होत गेले, महाराष्ट्रातील सामाजिक कायदे, औषधनिर्मिती, शस्त्रक्रिया आणि ग्रामीण आरोग्यव्यवस्था यांचा त्याच्याशी कसा संबंध आला, याचा आढावा प्रस्तुत लेखात जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक व परिसर दृष्टीसमोर ठेवून घेतला आहे. या विकारात निर्णायक क्षण प्रसूतीचा नसून गर्भधारणेपूर्वीचा आहे, आणि ग्रामीण स्त्रीच्या बाबतीत नेमका तोच क्षण व्यवस्थेच्या व कुटुंबाच्या नजरेतून निसटतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : हृदयताल, गरोदरपण, रुमॅटिक हृदयविकार, ग्रामीण आरोग्य, जुन्नर.

१. प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी वसलेले बोरी बुद्रुक हे गाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. येथील नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारे आढळली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधकांनी १९८०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. ही राख इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे, की त्याहून कितीतरी प्राचीन, यावर पुढे दीर्घकाळ विद्वच्चर्चा झाली. गावाजवळच खोडद येथे उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण दूरस्थ स्पंदक ताऱ्यांचे नियमित ठोके टिपते. अशा रीतीने या परिसराच्या भूमीचा आणि आकाशाचा अभ्यास विस्ताराने झाला आहे. त्याच भूमीवर नांदणाऱ्या स्त्रियांच्या आरोग्याचा इतिहास मात्र वैद्यकीय ग्रंथ, कायदे, शासकीय योजना आणि घरोघरीच्या चालीरीती यांत विखुरलेला आहे. तो एका विशिष्ट प्रश्नाच्या सूत्राने एकत्र आणावा, असा येथे प्रयत्न केला आहे.

हा प्रश्न म्हणजे हृदयतालाचा विकार असलेल्या स्त्रीचे गरोदरपण होय. मराठीत गर्भवतीला 'दोन जिवांची' म्हणतात. तिला धाप लागली, छातीत धडधडले, जीव घाबरा झाला, तर 'या दिवसांत असे व्हायचेच' असे म्हणून घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया तिची समजूत घालतात. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु थोड्या स्त्रियांच्या बाबतीत हीच धडधड गंभीर विकाराची खूण असते, आणि ती ओळखण्यास उशीर झाला तर दोन्ही जीव धोक्यात येतात. स्वाभाविक धडधड आणि विकाराची धडधड यांतील भेद ओळखण्याचा मानवाने केलेला प्रयत्न, हाच या विषयाचा इतिहास आहे.

२. परंपरेतील हृदय, गर्भ आणि नाडी

गर्भवतीचा हृदयाशी असलेला संबंध भारतीय परंपरेने फार पूर्वीच शब्दबद्ध केला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि म्हणून त्या स्त्रीला दोन हृदयांची मानावे, असे प्रतिपादन आले आहे. 'दौहृदिनी' ही संज्ञा त्यातूनच आली. तिच्या इच्छा या गर्भाच्याही इच्छा असल्याने त्या पुरवाव्यात, असे सांगितले गेले. मराठीतील 'डोहाळे' हा शब्द 'दोहद' या शब्दावरून आला असून त्याचे मूळ याच कल्पनेत असल्याचे मानले जाते. म्हणजे डोहाळजेवणाच्या घरगुती सोहळ्यामागे दोन हृदयांची एक प्राचीन वैद्यकीय कल्पना उभी आहे.

नाडीपरीक्षेचे व्यवस्थित विवेचन मात्र बृहत्त्रयीत आढळत नाही. ते तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या शार्ङ्गधरसंहितेत येते. साप, बेडूक, हंस यांच्या गतींशी नाडीच्या चालीची तुलना तेथे केलेली आहे. थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक समजावी, असेही या ग्रंथात म्हटले आहे. आजच्या ज्ञानानुसार प्रत्येक अनियमित नाडी प्राणघातक नसते, आणि निरोगी माणसातही एखादा ठोका चुकतो. तरीही नाडीच्या वेगाइतकीच तिची लय महत्त्वाची आहे, हे निरीक्षण येथे स्पष्टपणे नोंदले गेले आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

तथापि प्रत्यक्ष प्रसूतीच्या खोलीत वैद्याचा प्रवेश क्वचितच होत असे. बाळंतपण हे सुईणीचे क्षेत्र होते. तिच्या हातांना बाळाची आडवी-उभी स्थिती कळे, कळांची गती कळे. पण बाळंतिणीच्या मनगटावरील नाडी मोजणे हा त्या कामाचा भाग नव्हता. एका बाजूला नाडी जाणणारा पण बाळंतपण न पाहणारा वैद्य आणि दुसऱ्या बाजूला बाळंतपण करणारी पण नाडी न मोजणारी सुईण, अशी ही विभागणी होती. पुढील काळातही ती वेगवेगळ्या रूपांत टिकून राहिली.

३. एका मृत्यूपासून सुरू झालेले संशोधन

पाश्चात्त्य वैद्यकातही स्थिती फारशी वेगळी नव्हती. फ्रेंच वैद्य लेनेक याने १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला. केर्गारादेक याने १८२१ मध्ये त्याच साधनाने गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकून त्यांचे महत्त्व विशद केले. दोन हृदयांची प्राचीन कल्पना आता कानांनी पडताळता येऊ लागली. मात्र आईच्या हृदयाची लय कशाने बिघडते, हे कळण्यास आणखी पाऊण शतक जावे लागले.

त्या ज्ञानाचा उगम एखाद्या विद्यापीठात नव्हे, तर इंग्लंडमधील बर्नली या कापडगिरण्यांच्या गावात झाला. जेम्स मॅकेन्झी हा स्कॉटिश डॉक्टर १८७९ पासून तेथे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करीत होता. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात त्याच्या देखरेखीखालील एक तरुण स्त्री प्रसूतीच्या वेळी हृदय निकामी होऊन दगावली. तिच्या हृदयात दोष आहे, हे त्याला आधी उमगले नव्हते. कोणते हृदय बाळंतपणाचा भार पेलेल आणि कोणते पेलणार नाही, हे आपल्याला सांगता येत नाही, या जाणिवेने तो अस्वस्थ झाला. पुढे त्याने आपल्या रुग्णांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली आणि मनगटाच्या व मानेच्या नाडीचे आलेख एकाच वेळी काढणारे 'पॉलिग्राफ' नावाचे यंत्र तयार केले. 'नाडीचा अभ्यास' या विषयावरील त्याचा ग्रंथ १९०२ मध्ये, तर 'हृदयविकार आणि गरोदरपण' या विषयावरील ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

मॅकेन्झीचे एक निरीक्षण येथे विशेष महत्त्वाचे आहे. हृदयाच्या डाव्या बाजूची द्विदल झडप अरुंद झालेल्या रुग्णांत नाडी पूर्णतः अनियमित झाली, की मानेच्या नाडीतील अलिंदाच्या आकुंचनाची लाट नाहीशी होते, असे त्याला आढळले. १९०९ मध्ये टॉमस लुईस याने विद्युत् हृदयालेखाच्या साहाय्याने याचा उलगडा केला. हृदयालेखाचे हे यंत्र नेदरलँडमधील आइन्थोवेन याने विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले होते, आणि त्याला त्यासाठी १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा रुग्णांत अलिंद नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहते. या अवस्थेस अलिंदाचे तंतुकंपन म्हणतात. इंग्लंडमधील विदरिंग याने १७८५ मध्ये वर्णिलेले डिजिटॅलिस हे वनस्पतिजन्य औषध अशा हृदयाचा वेग कमी करते, हे मॅकेन्झी व लुईस यांच्या कार्यामुळे प्रस्थापित झाले.

४. गरोदरपणाचा हृदयावरील भार

हा इतिहास समजून घेण्यासाठी शरीरक्रियेची थोडी माहिती आवश्यक आहे. गरोदरपणात स्त्रीच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. नाडीचा वेग मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी वाढतो. हृदयावरील हा भार साधारणतः सातव्या-आठव्या महिन्यात शिखरास पोहोचतो. प्रसूतीच्या कळांमध्ये तो पुन्हा उसळतो. बाळ जन्मल्यानंतर आकुंचन पावलेल्या गर्भाशयातील रक्त एकदम आईच्या रक्ताभिसरणात परत येते, त्यामुळे प्रसूतीनंतरचे पहिले काही तास व दिवसही जोखमीचे असतात.

निरोगी हृदय हा भार सहज पेलते. अरुंद झडप असलेल्या हृदयाची गोष्ट वेगळी. अलिंदातून निलयात रक्त उतरण्यास त्याला दोन ठोक्यांच्या मधला वेळ पुरेसा लागतो. हृदय वेगाने धावू लागले की हा वेळ कमी होतो, रक्त मागे साचते आणि फुप्फुसांत पाणी भरते. अलिंदाचे तंतुकंपन सुरू झाल्यास यात रक्ताच्या गुठळ्यांची आणि त्यामुळे होणाऱ्या पक्षाघाताची भर पडते. म्हणून अशा स्त्रीच्या बाबतीत हृदयाचा वेग मर्यादेत ठेवणे हाच उपचाराचा गाभा ठरतो.

झडपेशी संबंध नसलेले तालविकारही अनेक आहेत. जन्मजात जादा विद्युत् मार्गामुळे हृदय अकस्मात वेगाने धावू लागते. वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट या तिघांनी १९३० मध्ये वर्णिलेला विकार या प्रकारचा होय. काही कुटुंबांत 'लांब क्यू-टी' हा आनुवंशिक विकार असतो. त्यात अचानक शुद्ध हरपते व क्वचित मृत्यू ओढवतो. काहींच्या हृदयात विद्युत् संदेशाचा मार्गच खंडित असल्याने नाडी अतिशय मंद चालते. या सर्व स्त्रियांना मातृत्व नाकारावे लागते असे मुळीच नाही. बहुतेकींची बाळंतपणे योग्य नियोजनाने सुखरूप होतात. मात्र हे नियोजन आधीपासून व्हावे लागते.

५. रुमॅटिक ताप आणि विवाहाचे वय

महाराष्ट्रात या प्रश्नाचे मुख्य कारण दीर्घकाळ रुमॅटिक हृदयविकार हे राहिले. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे लहानपणी घसा येतो. उपचार न झाल्यास काही मुलांना सांधे सुजवणारा रुमॅटिक ताप येतो आणि तो जाताना हृदयाच्या झडपेवर आपली खूण ठेवून जातो. हा ताप मुख्यतः ५ ते १५ या वयात येतो. दाटीवाटीची घरे आणि उपचारांचा अभाव यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

नेमक्या याच वयात एकोणिसाव्या शतकातील मुलींचे विवाह होत. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे बाळ त्या चौदा वर्षांच्या असताना जन्मले आणि अवघ्या दहा दिवसांत दगावले, हे सर्वश्रुत आहे. पुढे त्यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी घेतली आणि प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये आला व त्याने ते वय बारा केले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा, १९४९ च्या दुरुस्तीने पंधरा, तर १९७८ च्या दुरुस्तीने अठरा झाले. या कायद्यांचा विचार सामान्यतः समाजसुधारणेच्या अंगाने केला जातो. हृदयविकाराच्या दृष्टीने पाहता त्यांना आणखी एक अर्थ प्राप्त होतो. रुमॅटिक ताप आणि पहिले बाळंतपण यांच्यातील कालावधी या कायद्यांनी वाढवला. विकार ओळखण्यास व उपचार करण्यास त्यामुळे काही वर्षांची सवड निर्माण झाली.

ही सवड भारतात विशेष मोलाची होती. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. सुजॉय बी. रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात दाखवून दिले, की भारतात वीस वर्षांखालील मुलामुलींतही झडपेचे तीव्र आकुंचन आढळते. पाश्चात्त्य ग्रंथांत मध्यमवयीन रुग्णांचा मानलेला हा विकार येथे ऐन तारुण्यात, म्हणजे मातृत्वाच्या उंबरठ्यावरच उभा होता. अशा तरुण रुग्णांत तंतुकंपन तुलनेने कमी आढळते. परंतु लय नियमित राहूनही केवळ वेग वाढल्याने गरोदरपणात फुप्फुसांत पाणी भरू शकते.

६. पेनिसिलिन, शस्त्रक्रिया आणि पुणे जिल्हा

या साखळीची पहिली कडी तोडणारे औषध पुणे जिल्ह्यातच तयार होऊ लागले. पिंपरी येथे १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला आणि देशात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. रुमॅटिक ताप एकदा येऊन गेलेल्या मुलास दर तीन ते चार आठवड्यांनी दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या पेनिसिलिनचे इंजेक्शन दिल्यास तो ताप पुन्हा येत नाही, आणि झडपेची हानी थोपवता येते, हे याच दशकात सिद्ध झाले. हे इंजेक्शन गरोदरपणातही चालू ठेवता येते. उपचार अगदी साधा आहे. परंतु तो वर्षानुवर्षे, विनाखंड घ्यावा लागतो, आणि हीच त्यातील खरी अडचण होय.

दुसरी कडी शस्त्रक्रियेची. अरुंद झडप बोटाने रुंद करण्याची शस्त्रक्रिया लंडनच्या सूटार याने १९२५ मध्ये एका मुलीवर यशस्वीपणे केली होती. पण ती खऱ्या अर्थाने रूढ झाली ती १९४८ नंतर, बेली, हार्केन व ब्रॉक यांच्या प्रयत्नांनी. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयशस्त्रक्रियेचे केंद्र विकसित केले. १९६८ मध्ये तेथे हृदयरोपणाचा प्रयोगही झाला. झडपेच्या या जुन्या शस्त्रक्रियेस हृदय थांबवून रक्ताभिसरण चालू ठेवणाऱ्या यंत्राची गरज नसे. त्यामुळे गर्भवतीवरही ती करता येत असे, आणि भारतीय शल्यविशारदांनी या बाबतीत मोठा अनुभव मिळवला. पुढे जपानच्या इनोऊ यांनी १९८४ मध्ये फुग्याच्या साहाय्याने झडप रुंद करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. छाती न उघडता मांडीतील शिरेवाटे केला जाणारा हा उपचार गर्भवतीसाठी वरदान ठरला. तरीही शक्य तेथे तो गर्भधारणेपूर्वीच करावा, असेच शास्त्र सांगते.

७. गर्भधारणेपूर्वी व गरोदरपणात : आजचे ज्ञान

गेल्या सहा दशकांत तालविकारांच्या उपचारांत मोठी प्रगती झाली. विद्युत् धक्क्याने लय पूर्ववत करण्याची पद्धत बर्नार्ड लाउन यांनी १९६२ मध्ये रूढ केली. गरज पडल्यास ती गरोदरपणातही वापरता येते. कृत्रिम गतिकारक बसवण्याची सुरुवात १९५८ मध्ये स्वीडनमध्ये झाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जादा विद्युत् मार्ग उष्णतेने जाळून विकार कायमचा दूर करण्याची सोय झाली. अमेरिकेतील हृदयतालतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये गरोदरपणातील तालविकारांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक मसुदा प्रसिद्ध केला.

या ज्ञानाचे सार असे : गर्भधारणेचा विचार करतानाच हृदयालेख व हृदयाची ध्वनिचित्र तपासणी व्हावी. रक्तक्षय व थायरॉइडचे विकार हृदयाचा वेग वाढवतात, म्हणून तेही आधी दुरुस्त करावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला, हे लक्षात घेता ही सूचना किरकोळ नव्हे. ज्या विकारावर कायमचा इलाज शक्य आहे, तो इलाज आधीच करून घ्यावा.

औषधांचा फेरविचार हा यातील सर्वांत नाजूक भाग होय, कारण आईच्या पोटात गेलेले बहुतेक औषध गर्भापर्यंत पोहोचते. मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल यांसारखी औषधे, तसेच डिगॉक्सिन, दीर्घ अनुभवाने वापरण्यायोग्य ठरली आहेत. अटेनोलॉलने गर्भाची वाढ खुंटू शकते, तर अमिओडॅरोनचा गर्भाच्या थायरॉइडवर परिणाम होतो, म्हणून ती शक्यतो टाळली जातात. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन पहिल्या तिमाहीत गर्भास अपाय करू शकते. परंतु कृत्रिम झडप बसवलेल्या स्त्रीने ते परस्पर थांबवले तर तिच्याच जिवावर बेतते. येथे दोन हृदयांचे हित एकमेकांसमोर उभे राहते, आणि तोल साधण्याचे काम तज्ज्ञाने स्त्रीशी आधी बोलूनच करावे लागते. लांब क्यू-टी असलेल्या स्त्रीने आपले औषध प्रसूतीनंतरही चालू ठेवणे अत्यावश्यक असते, कारण तिच्यासाठी बाळंतपणानंतरचे काही महिने अधिक धोक्याचे असतात. याउलट, एखाद्या औषधाने गर्भाच्याच वेगवान हृदयावर उपचार करायचा असेल, तर ते आईलाच दिले जाते. बहुसंख्य स्त्रियांना शस्त्रक्रियेऐवजी वेदनाशमनासह नैसर्गिक प्रसूतीच हितावह ठरते. औषध सुरू करणे अथवा बंद करणे हा निर्णय प्रत्येक स्त्रीपुरता वेगळा असतो, आणि तो उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच घ्यावयाचा असतो.

८. बोरीपासून पुण्यापर्यंत : व्यवस्थेचा इतिहास

हे ज्ञान खेड्यापर्यंत नेण्याचे प्रयत्नही जुने आहेत. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानंतर १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर ती त्यांच्याकडे आली. शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये, तर पुणे जिल्ह्यातच वढू येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७२ मध्ये गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचे कार्य आरंभले. सुईणीचे अनुभवी हात आणि वैद्याची नाडीपरीक्षा यांची जुनी फारकत मिटवण्याचे हे प्रयत्न होते, असे म्हणता येईल. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आशा कार्यकर्ती दिली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची तपासणी होते, आणि तपासावयाच्या विकारांत जन्मजात व रुमॅटिक हृदयविकारही आहेत. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची तपासणी होते. या प्रयत्नांचे फळ स्पष्ट आहे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८–२० या काळात देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होत असताना महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होते.

तथापि रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांमुळे होणारे मृत्यू कमी होत जातात, तसतसे हृदयविकारासारख्या कारणांचे सापेक्ष महत्त्व वाढते. ब्रिटनमध्ये प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी १९५२ पासून होत आली आहे. तेथील अलीकडच्या दशकांतील अहवालांत हृदयविकार हे मातामृत्यूचे एक अग्रगण्य कारण म्हणून पुढे आले. महाराष्ट्रालाही या टप्प्याची तयारी ठेवावी लागेल.

बोरी बुद्रुकसारख्या गावाच्या दृष्टीने पाहिले असता ही तयारी तीन ठिकाणी अपुरी पडते. नारायणगावचे ग्रामीण रुग्णालय येथून जवळ आहे. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. परंतु हृदयतालाची सूक्ष्म चिकित्सा आणि जोखमीचे बाळंतपण या दोहोंची एकत्र सोय सुमारे ८० ते ९० किलोमीटरवरील पुण्यातच मिळते. अंतर ही पहिली अडचण झाली. रस्ते व रुग्णवाहिका यांनी ती बरीच सुसह्य केली आहे.

दुसरी अडचण विवाहाची आहे. शाळेतील तपासणीत मुलीच्या हृदयातील दोष कळला, तरी स्थळ मोडेल या भीतीने तो झाकला जाण्याची शक्यता असते. सासरी विचारणा होईल म्हणून नवी नवरी इंजेक्शन व गोळ्या बंद करते, कागदपत्रे माहेरच्या पेटीत राहतात. शाळेच्या तपासणीत जे कळले, ते गर्भवतीच्या नोंदणीच्या वेळी कोणालाच माहीत नसते. ज्या काळात सल्ल्याची सर्वाधिक गरज, त्याच काळात विकार गुप्त होतो. येथे दोष त्या मुलीकडे जात नाही. तो तिच्या आजाराला उणेपण मानणाऱ्या व्यवहाराकडे जातो.

तिसरी अडचण बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि मुलगी माहेरी जाते. वर पाहिल्याप्रमाणे हृदयावरील भार सातव्या-आठव्या महिन्यातच शिखरास पोहोचतो. म्हणजे नेमक्या जोखमीच्या काळात तिचे गाव, तिचा डॉक्टर आणि तिची आशा कार्यकर्ती बदलते. प्रसूतीनंतर सव्वा महिना ती घराबाहेर पडत नाही. या विश्रांतीचे मोल मोठे आहे. पण प्रसूतीनंतर लागलेली धाप अशक्तपणाची समजून बाजेवरच अंगावर काढली, तर हीच विश्रांती विलंबाचे कारण होते. माहेर ही मराठी स्त्रीची सर्वांत मोठी आधारवेल आहे. तिच्याबरोबर तिचे माता व बाल संरक्षण कार्ड आणि हृदयालेखाचा कागदही माहेरी गेला पाहिजे, इतकेच येथे सुचवावयाचे आहे.

९. निष्कर्ष

प्रस्तुत आढाव्यातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) हृदयताल व गरोदरपण यांच्या संबंधाचे ज्ञान एका बाळंतिणीच्या मृत्यूने अस्वस्थ झालेल्या सामान्य डॉक्टरच्या दीर्घ निरीक्षणातून विकसित झाले. आजही हा विकार प्रथम ओळखण्याची संधी गावपातळीवरील सेविका व डॉक्टर यांनाच मिळते.

२) विवाहवयाचे कायदे आणि पेनिसिलिनचे उत्पादन या वरवर असंबद्ध वाटणाऱ्या घटनांचा या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे.

३) या विकारात उपचाराचा सर्वोत्तम काळ गर्भधारणेपूर्वीचा होय. शालेय तपासणी, विवाह आणि गरोदरपणाची नोंदणी या तीन टप्प्यांना जोडणारी नोंद नसल्याने हाच काळ वाया जातो.

४) विवाहानंतर व गर्भधारणेपूर्वी एकदा पूर्ण मिनिटभर नाडी मोजणे, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, कधी शुद्ध हरपली होती का, कुटुंबात कोणाचा तरुणपणी अकस्मात मृत्यू झाला होता का, हे विचारणे, यास कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

१०. समारोप

सुश्रुतसंहितेने गर्भवतीला दोन हृदयांची म्हटले, आणि मराठी माणूस तिला दोन जिवांची म्हणतो. या कल्पनेत गर्भाच्या हृदयाचा मान आहे. डोहाळे पुरवले जातात ते त्या दुसऱ्या हृदयासाठी. परंतु पहिले हृदय, म्हणजे आईचे, हे कोणी न पाहता गृहीतच धरले जाते. बोरीच्या गाळातील राखेचे वय ठरविण्यासाठी जितके कष्ट घेतले गेले, त्याच्या अल्पांशाने कष्ट तेथील नवविवाहितेच्या नाडीची लय तपासण्यासाठी घेतले, तर अनेक बाळंतपणे निर्धोक होतील. त्यासाठी लागणारे ज्ञान आज उपलब्ध आहे, औषधे उपलब्ध आहेत, आणि योजनाही आहेत. उरते ते वेळेवर, म्हणजे पहिला पाळणा हलण्याच्या पुष्कळ आधी, तिच्या मनगटावर बोटे ठेवणे.